वेळापत्रक कुणाचं, नोंद कुणाची?

फलकावर आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, आणि बोलणार कशावर, तर मुलांच्या बैठकांच्या वेळा लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर! खरं सांगायचं तर आम्हालाही नवल वाटतं. ज्ञान म्हणजे काय, अभाव म्हणजे काय, हे आम्ही आयुष्यभर फळ्यावर शिकवलं. सत्तरी ओलांडल्यावर तेच प्रश्न कॉम्प्युटरच्या रकान्यात येऊन बसतील असं वाटलं नव्हतं. पण बसले. त्यातून आम्ही काय शिकलो आणि कुठे चुकलो, ते आज सांगायचं आहे. तुमच्यापैकी बरेच जण मुलांसाठी काहीतरी करता, अभ्यासिका चालवता, खेळाचे वर्ग घेता, म्हणून ते तुमच्या उपयोगाचं आहे.

आधी काम काय ते सांगतो. इथे कळमेश्वरात आम्ही काही निवृत्त मंडळी आणि नोकरी करणारे काही तरुण मिळून नववी ते बारावीच्या मुलामुलींना भेटतो. ही शिकवणी नाही. एका मुलासाठी एक मोठं माणूस आणि आठवड्यातला एक तास. कुणाला दहावीनंतर आयटीआय करावं की अकरावीला जावं ते कळत नाही. कुणाला इंग्रजीची धास्ती असते. कुणाला फक्त घराबाहेरच्या एखाद्या माणसाशी बोलायचं असतं. आईवडील एमआयडीसीत पाळीनं जातात, कुणी संत्र्याच्या बागेत, कुणी कापूस वेचायला. मुलासोबत निवांत बसायला वेळ कुणाकडे आहे?

या कामाला हल्ली ‘मेंटॉरिंग’ म्हणतात. मेंटॉर हे मुळात एका माणसाचं नाव. होमरच्या ‘ओडिसी’त राजा ओडिसियस युद्धावर जाताना आपलं घर मेंटॉर नावाच्या मित्रावर सोपवून जातो, आणि पुढे अथीना देवी त्याच मेंटॉरचं रूप घेऊन राजपुत्र टेलेमॅकसला धीर देते. ‘सोपवून जातो’ हे शब्द लक्षात ठेवा. ते पुढे लागतील.

जोड्या अकरा होत्या तोवर एक लांब वही पुरली. चाळीस झाल्यावर वहीनं हात टेकले. एकाच खोलीत एकाच वेळी दोन जोड्या येऊन उभ्या राहायच्या. नागपूरहून येणाऱ्या ताईंचा रविवार बदलला की मुलीला निरोपच मिळायचा नाही. मग आमच्यातल्या एका तरुणानं वेळा लावायचं सॉफ्टवेअर आणलं. मूळचं ते दवाखाने आणि सलून यांच्यासाठी बनवलेलं. त्यात मूल म्हणजे ‘क्लायंट’, आमचा तास म्हणजे ‘अपॉइंटमेंट’. आम्ही हसलो आणि वापरायला लागलो.

आता या सॉफ्टवेअरच्या बाजूनं जे बोलायला हवं, ते आधी बोलतो. म्हातारा प्राध्यापक यंत्राला नावं ठेवायला उभा राहिलाय असं वाटू नये.

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येणं, हा या कामाचा अर्धा जीव आहे. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ नावाची शंभराहून अधिक वर्षं जुनी चळवळ आहे. तिच्यातल्या जोड्यांचा अभ्यास जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोन संशोधक बाईंनी 2002 मध्ये प्रसिद्ध केला. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकल्या, त्यातल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. जोडी जितकी लवकर तुटली तितका फायदा कमी. आणि ज्या अगदी थोड्या काळात तुटल्या, त्यातली मुलं काही बाबतींत आधीपेक्षाही खाली गेली. याचा अर्थ नीट समजून घ्या. एखाद्या मुलाला ‘मी येतो’ म्हणून न जाणं, हे मुळीच न भेटण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. त्यामुळे वेळ चुकू नये म्हणून यंत्र आठवण करून देत असेल, तर ते मोलाचं काम करतं.

मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी. दोन्हीत दोष आमचा होता, म्हणून सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही.

पहिली गोष्ट गैरहजेरीची. बैठक झाली की ‘झाली’ अशी खूण करायची, नाहीतर ‘नो-शो’. दोनच पर्याय. ‘नो-शो’ केलं की मुलाच्या नावापुढे लाल ठिपका यायचा. तीन लाल ठिपके झाले की नाव आपोआप प्रतीक्षा यादीत जायचं, तशी सोय आम्हीच करून ठेवली होती. जागा थोड्या, मुलं जास्त, त्यामुळे तेव्हा ती शहाणपणाची वाटली. एका मुलाचं नाव असं गेलं. दुसऱ्या रविवारी तो दारात उभा. आम्ही म्हटलं, “अरे, तीनदा आला नाहीस.” तो म्हणाला, “मी त आलो होतो सर. तुमचेच सर नाही आले.”

तपासलं, तर तीनपैकी दोन वेळा तो म्हणत होता तसंच झालं होतं. मार्गदर्शक पोचू शकले नव्हते, बैठक झाली नव्हती आणि सॉफ्टवेअरला ‘झाली नाही’ एवढंच सांगता येत होतं. तिसऱ्या वेळी तो खरंच नव्हता. कापसाची वेचणी चालू होती आणि घरचे सगळे शेतात होते.

इथे आम्हाला आमचाच विषय आठवला. आपल्याकडे वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांची यादी केली. कणादांच्या नावावरच्या मूळ मांडणीत सहा पदार्थ आहेत. पुढच्या मंडळींनी त्यात सातवा घातला, अभाव. नसणं हीसुद्धा जाणण्याजोगी गोष्ट आहे, असं ते म्हणाले. पण त्यांनी एक अटही घातली. अभाव मोकळा, नुसता असा नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. जमिनीवर घडा नाही, असं म्हटलं की घडा हा त्या अभावाचा प्रतियोगी आणि जमीन हे त्याचं अधिकरण. ‘नाही’ एवढंच म्हटलं, तर त्याला ज्ञान म्हणत नाहीत.

आम्ही चाळीस वर्षं हे शिकवलं, आणि आमच्याच रकान्यात प्रतियोगी नव्हता! कोण आलं नाही, हे न लिहिता ‘नाही’ लिहीत होतो आणि तो ‘नाही’ मुलाच्या कपाळी मारत होतो. नैयायिकांच्या वर्गात आम्ही नापास झालो असतो.

मग आम्ही दोन पर्यायांचे पाच केले. बैठक झाली. मूल आलं नाही, पण आधी कळवलं. मूल आलं नाही आणि कळवलंही नाही. मार्गदर्शक आले नाहीत. केंद्र बंद होतं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असे पर्याय स्वतःला वाढवता येतात, एकदा बसून करावं लागतं. लाल ठिपक्यावर आपोआप नाव कापणं बंद केलं. आता दोन वेळा मूल आलं नाही, तर आमच्यातलं कुणीतरी घरी जातं. सुट्ट्याही हातानं भरल्या. तयार कॅलेंडरला दिवाळी माहीत असते, पण आपला तान्हा पोळा माहीत नसतो. नोव्हेंबर ते जानेवारी वेचणीच्या दिवसांत काही मुलांची बैठक संध्याकाळी लावली आणि गैरहजेरी उतरली. मुलं तीच होती, वेळ आमची चुकीची होती.

महिनाअखेरीला आम्ही जो आढावा काढतो, त्यात आधी मोठ्यांची गैरहजेरी वाचतो. त्या यादीत आमचंही नाव येतं, आणि ते मोठ्यानं वाचलं जातं.

दुसरी गोष्ट जड आहे.

आमच्यातले एक मार्गदर्शक अतिशय मनापासून काम करणारे. बैठक संपली की पुढच्या वेळी काय बोलायचं ते लिहून ठेवायचे. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बैठकीखाली ‘तपशील’ म्हणून एक चौकट असते, तिथे लिहायचे. एका मुलाबद्दल त्यांनी लिहिलं की वडील पिऊन आले की घरी अभ्यास होत नाही, पुढच्या वेळी याबद्दल सावकाश विचारायचं. हेतू चांगला होता. पण त्या चौकटीतला मजकूर आठवणीच्या संदेशासोबत जातो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. आणि नोंदणीच्या वेळी मुलानं दिलेला फोन नंबर वडिलांचा होता, कारण घरात स्मार्टफोन एकच होता.

शनिवारी संध्याकाळी संदेश गेला. रविवारी मुलगा आला नाही. त्या रात्री घरी काय झालं ते आम्ही इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. पुढच्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा आई दारातच म्हणाली, “म्या नको म्हनत नाही सर, तोच येत नाही. ते लोक लिहून ठेवते म्हन्ते.”

‘ते लोक लिहून ठेवते.’ या वाक्यानं आम्हाला बरेच दिवस झोप दिली नाही. त्यानं सांगितलं होतं एका माणसाला, एका बाकावर बसून. आम्ही ते एका यंत्राला सांगितलं, आणि यंत्रानं ते ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच सांगितलं.

तेव्हापासून आम्ही एक भेद पाळतो. तोच आजच्या बोलण्याचा गाभा आहे. वेळापत्रक आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेळापत्रक हे आम्ही मुलाला दिलेलं वचन आहे. ते काटेकोर असावं, सगळ्यांना दिसावं, आणि मोडलं तर आधी आम्हाला जाब विचारला जावा. नोंद ही मुलानं आमच्यापाशी ठेवलेली ठेव आहे. ती कमीत कमी असावी, कमीत कमी लोकांना दिसावी, आणि मागितली की परत देता यावी. सॉफ्टवेअर या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी मांडतं. त्यामुळे त्या एकच आहेत असं वाटायला लागतं. सगळी गडबड तिथून सुरू होते.

व्यवहारात हे कसं करायचं? कॅलेंडरमध्ये फक्त दिवस, वेळ, खोली आणि मुलाचं पहिलं नाव. तपशिलाची चौकट कायम रिकामी. सामायिक कॅलेंडर दुसऱ्याला दाखवताना बहुतेक ठिकाणी ‘फक्त वेळ मोकळी की भरलेली एवढंच दिसेल’ असा पर्याय असतो. बाकी स्वयंसेवकांसाठी तोच ठेवायचा. बैठकीच्या नोंदी वेगळ्या जागी, जिथे तो मार्गदर्शक आणि एक समन्वयक एवढेच जाऊ शकतात. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद. नोंदणीत फोन नंबर लिहिताना दोन प्रश्न विचारायचे. हा फोन कुणाच्या हातात असतो? यावर काय पाठवलेलं चालेल? आणखी एक बारीक गोष्ट. दर आठवड्याला येणारी बैठक एका दिवसापुरती रद्द करताना सॉफ्टवेअर विचारतं, ‘फक्त ही, की सगळ्या?’ घाईत ‘सगळ्या’ दाबलं, तर त्या मुलाचं पुढचं वर्ष पुसलं जातं. असं आमच्याकडे एकदा झालं आहे.

आणि नोंदीत काय लिहायचं? इथे आम्हाला साने गुरुजी मदतीला आले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते 1924 साली शिक्षक झाले आणि पुढे तिथलं छात्रालय सांभाळू लागले. तिथे ते मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. आज एका मार्गदर्शकाकडे एक मूल असलं तरी आम्ही दमतो. त्यांच्याकडे आख्खं वसतिगृह होतं, आणि वर रोजचं लिखाण. पण आम्हाला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ते लिखाण मुलांच्या आयुष्याबद्दल होतं आणि मुलांनी वाचावं म्हणूनच होतं. आमच्या नोंदी मुलांबद्दल होत्या, आणि मुलं सोडून बाकी सगळ्यांनी वाचाव्यात म्हणून होत्या.

म्हणून आता आमची कसोटी सोपी आहे. जे लिहिलं ते त्या मुलाला शेजारी बसवून वाचून दाखवता येईल का? येत नसेल, तर लिहू नका. ‘आळशी आहे’, ‘घरचं वातावरण खराब’, ही वाक्यं या कसोटीवर गळतात. ‘गणिताचा पेपर आणणार होता, आणला, पुढच्या वेळी आयटीआयचा अर्ज भरायचा’, हे वाक्य टिकतं. महिन्यातून एकदा आम्ही मुलासोबत बसून त्याची नोंद वाचतोच. एका मुलीनं ‘इंग्रजी कच्चं’ खोडून ‘इंग्रजी बोलायला लाजते’ असं करायला लावलं. तिचं निदान आमच्यापेक्षा नेमकं होतं.

एक अपवाद मात्र गंभीरपणे सांगायला हवा. मुलाचं लैंगिक शोषण होतंय असं कळलं किंवा तशी रास्त भीती वाटली, तर ती ठेव म्हणून जपायची नाही. पोक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. 1098 ही मुलांसाठीची मदत वाहिनी आहे. त्यामुळे पहिल्याच भेटीत मुलाला ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण आधी तुला सांगून मग सांगेन’, असं म्हणा. खोटं वचन देण्यापेक्षा हे बरं.

आता कायद्याचं थोडं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेनं 2023 मध्ये केला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. आमच्यासारख्या लहान गटांनीही तो आपल्याला लागू आहे असंच धरून चालावं. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण त्यात मूल आहे. मुलाची माहिती वापरायला पालकांची खात्रीशीर संमती लागते, आणि मुलाच्या हिताला बाधेल असा वापर करता येत नाही. संमती दिली तितक्याच सहजपणे काढून घेता आली पाहिजे. काम संपलं की माहिती पुसली पाहिजे. या कायद्यात माहिती बाळगणाऱ्याला जो इंग्रजी शब्द वापरलाय, त्याचा अर्थ विश्वस्त. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, ज्या माणसानं मुक्काम केला, त्यानं श्रीमंतांना हेच सांगितलं होतं की तुम्ही मालक नाही, विश्वस्त आहात. माहितीच्या बाबतीत आज आपण सगळे श्रीमंत झालो आहोत.

पुसण्याबद्दल दोन शब्द जास्त. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या सुरुवातीला काही तत्त्वं दिली आहेत. त्यातलं एक नव्या सुरुवातीचं आहे. कायद्याच्या प्रक्रियेत आलेल्या मुलाच्या जुन्या नोंदी, विशेष परिस्थिती सोडली तर, पुसल्या जाव्यात. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्या पुट्टस्वामी निकालात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांचा वेगळा विचार केला आहे. बालपणीच्या चुकांचं ओझं माणसानं जन्मभर वाहू नये, असा त्यांचा आशय. ज्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, त्यालाही कायदा नवी सुरुवात देतो. मग ज्याला फक्त गणित जमत नव्हतं, त्याची नोंद आपण दहा वर्षं का बाळगावी?

तो मुलगा, ज्याच्या घरी संदेश गेला, दीड वर्षानं आम्हाला स्टेशनवर भेटला. नागपूरला आयटीआयला जातो म्हणाला. गाडी यायला वेळ होता. थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, “सर, ते अजून असन का तिथं?” आम्ही म्हटलं, “नाही रे, त्याच आठवड्यात पुसलं.” त्यानं मान हलवली आणि गाडीत चढला.

घरी आल्यावर आठवलं की त्याच्या आधी, वार्षिक अहवालासाठी, सगळ्या नोंदींची एक्सेलची प्रत काढली होती आणि ती पाच जणांना पाठवली होती. म्हणजे आम्ही त्याला खोटं बोललो होतो. त्याच रात्री पाचही जणांना फोन केले. चौघांकडे ती फाईल होती. एकाच्या फोनवर ती अजून उघडत होती, आणि तो फोन त्याचा लहान मुलगा खेळायला घेत असे. सगळ्यांनी पुसल्यावर आम्ही त्या मुलाला फोन करून खरं काय ते सांगितलं. “बरं सर,” एवढंच म्हणाला.

आता आमच्याकडे नियम आहे. जोडी संपली की वर्षभरानं नोंद पुसायची. पुसण्याआधी मुलाला विचारायचं, तुला यातलं काही हवंय का. अहवालासाठी नावं नसलेले आकडेच काढायचे. आणि प्रत काढलीच, तर ती कुणाकडे गेली हे वहीत लिहायचं. हो, वहीत. ती लांब वही परत कामाला आली आहे.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं, “सर, इतकी काळजी घ्यायची तर मग वहीच बरी नव्हती का?”)

प्रश्न रास्त आहे. पण वहीसुद्धा टेबलावर उघडी पडलेली असायची, आणि चहा द्यायला आलेला माणूस ती चाळायचा, हे आम्ही विसरतो. वहीत चुकलेलं एका खोलीत राहतं, सॉफ्टवेअरमधलं घरोघरी पोचतं, एवढा फरक. सवय आपली तीच असते. चाळीस मुलांना वेळेवर भेटायचं असेल, तर सॉफ्टवेअर लागेल. त्याला वेळ सांगा. मुलाचं मन सांगू नका, ते मुलगा स्वतः सांगेल, तुम्ही वेळेवर गेलात तर.

बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ. साडेपाचला आमची एक बैठक लागलेली आहे, आणि तो मुलगा पाच मिनिटं आधी येऊन बसतो.